कोरड्या दिवसांतले पंख

प्रिय बडबडे,

हे पत्र पिटुकलीच्या नव्या फ्रॉकच्या खिशात सापडलं, म्हणजे शेजारच्या शिवणवाल्या मावशींनी तो तुझ्याच हातात दिला. फोन जावई तपासतात, मला ठाऊक आहे. वाचून झालं की फाडून टाक.

गच्चीतल्या कुंडीत गवत माजलंय आणि त्यावर पुन्हा अळ्या आल्यात. तू भिंग घेऊन तिथे बसायचीस, तोंडाचा पट्टा चालूच. शाळेतली फुलपाखराची कविता म्हणता म्हणता मध्येच भांडायचीस, की कवितेतलं रंगीबेरंगी आणि आपलंच असं वाळक्या पानासारखं का. मी सांगायचो, आपलं फुलपाखरू दोन वेषांत येतं. ओल्या दिवसांत पंखांवर टपोरे डोळे, पक्षी त्यांनाच टोचतो आणि जीव वाचतो. कोरड्या दिवसांत हिरवा आडोसा उरत नाही, मग डोळे पुसट, रंग पाचोळ्याचा आणि स्वभावही तसाच. उडायचं कमी, हलायचं त्याहून कमी. किती शहाणं आहे, म्हणायचीस तू.

रविवारी तुझ्याकडे आलो, तर तू सबंध दुपारभरात चार वाक्यंही बोलली नाहीस. दमली असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. मग पिटुकली स्टुलावर चढून मला कविता म्हणून दाखवू लागली. काय ते हातवारे, काय तो आवाज, अगदी तू. खाली स्कूटर थांबली आणि ओळ अर्धीच राहिली. पोरीने खडू आवाज न करता डबीत भरले, भिंतीला पाठ लावून बसली आणि माझ्या कानात म्हणाली, "आजोबा, आता आपण घरात नाहीच, असं बसायचं." तू शिकवलं नसशील, खात्री आहे माझी. जावई आत येऊन माझ्या गुडघ्यांची चौकशी करत होते आणि तू बाही मनगटावर ओढून घेत होतीस.

बडबडे, पंख कसे होणार ते फुलपाखरू मोठेपणी ठरवत नाही. कोषात जाण्याआधी अळीला किती ऊब मिळाली, त्यावर ते ठरतं. एकदा पाचोळ्याचा रंग घेऊन बाहेर पडलं, की पुढे कितीही हिरवळ येवो, रंग तोच. माणसाचं बरं असतं, तुझे रंग परत येतील. पण पिटुकलीचे पंख आत्ता ठरताहेत गं. तिला एवढ्यात इतकं छान लपता येतंय, याने माझी झोप उडाली आहे.

म्हणून लिहितोय. शुक्रवारी तो कामावर गेला, की तू तिला शाळेतून आणायला निघशील. मी टॅक्सी घेऊन शाळेच्या मागच्या फाटकाशी असेन. सामान नको, कागदपत्रं तेवढी घे. तुझ्या आईची वकील मैत्रीण आपल्या घरी येऊन थांबणार आहे. जुळवून घे म्हणणारे पुष्कळ भेटतील. तू घेतलंस तेवढं पुरे. दिसली नाहीस, तर मी तुमच्या घरी वर येईन. चार जिने आहेत, धाप लागेल, पण येईन.

तुझाच, बेल वाजवायला न कचरणारा,
बाबा