नदीपलीकडचा पत्ता

बाबा, तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमच्याशी भांडलो नाही, ते आज भांडणार आहे. मला गुण कमी पडले नव्हते. सैनिकी शाळेच्या प्रवेश परीक्षेत मला पुरेसे गुण होते, हे तुम्हाला ठाऊक होतं. तरी भीमपुरातल्या प्रत्येक ओट्यावर बसून तुम्ही सांगत राहिलात, "पोरगा थोडक्यात राह्यला."

मी पाचवीत होतो. गुरुजींनी वर्गातली दोन नावं काढली, माझं आणि माझ्या बाकावरच्या मित्राचं. शाळा सुटल्यावर ते आम्हा दोघांना गणितं घालायचे आणि मी बहुतेक वेळा त्याच्या पुढेच असायचो. जागा राज्यवार वाटलेल्या होत्या. आता तेलंगणात असलेलं आपलं गाव तेव्हा आंध्रात होतं. मित्राच्या वडिलांनी फॉर्मवर आपल्या गावाचा पत्ता लिहिला, तुम्ही लिहिला आत्याचा, पैनगंगेच्या पलीकडचा, महाराष्ट्रातला. तो दिवस अजून दिसतो मला. कापसाची वेचणी चालू आहे, आई शेतात एकटी आहे, आणि तुम्ही धोतर गुडघ्यावर खोचून नदीतून चालला आहात. रहिवासी दाखल्यासाठी ही तुमची तिसरी खेप आहे. गुरुजी काठावर उभे राहून विचारतात, "अहो, पोरगा हुशार हाय. पत्ता काऊन बदलता?" तुम्ही मागे वळूनही न पाहता म्हणता, "गुर्जी, इकडं आपल्याले कोन इचारते? कचेरीत तेलुगू आली तं काम होते. तिकडं आपल्या भाषेचं राज हाय, जागाय जास्त हायेत."

जागा जास्त होत्या, पण शिकवण्या लावून आलेली पोरंही तिकडे ढिगानं होती, हे तुमच्या हिशेबात आलं नाही. पोस्टानं गुण आले. मित्राला माझ्यापेक्षा अकरा गुण कमी होते आणि बोलावणं त्याला आलं. त्याचा कागद मागून आणून मी माझ्या कागदाशेजारी ठेवला, चुलीपुढे, तुम्ही जेवत होता तिथेच. तुम्ही भाकर मोडत राहिलात. "मार्क कमी पडले म्हनून सांग," म्हणालात. मी म्हटलं, "मले तं त्याच्याहून जास्त हायेत." त्यावर तुम्ही ताट सरकवलं. "पत्त्याचं निंगालं तं दाखला देनारा आन मी, दोघंय आत जाऊ. गप राय."

मी गप्प राहिलो. मित्र सुट्टीत गणवेश घालून गावात यायचा आणि लोक मला म्हणायचे, याच्याकडून काही शीक. कमी गुणांचा पोरगा ही माझी ओळख झाली. पुढेपुढे तर मलाही ते खरंच वाटू लागलं, आणि त्यानंतर कुठल्याही परीक्षेला मी धीरानं बसलो नाही. खोटा पत्ता मी एक वेळ सोडून देईन. पण त्या खोट्यावर पांघरूण घालायला तुम्ही माझे गुण वापरलेत, ते मी सोडणार नाही.

आता इचोड्यात हायवेला लागून माझं झेरॉक्सचं दुकान आहे. लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देतो. "भाऊ, पलीकडचा पत्ता टाका ना," म्हणणारे अजूनही येतात. त्यांना मी दुसरं दुकान दाखवतो, गिऱ्हाईक गेलं तर गेलं. त्या शाळेत आता मुलींनाही घेतात. तुमची नात पाचवीत आहे आणि हट्ट तिनंच धरलाय. सरावाच्या पेपरात तिचे गुण वरखाली होतात, भूमितीत मार खाते. पण मी ठरवलंय, तिला गुण कमी पडले तर कमी पडले असंच चारचौघांत सांगेन, आणि पुरले तर ते कमी होते असं कोणाला म्हणू देणार नाही, तुम्ही असता तर तुम्हालाही नाही. तुम्ही जे केलंत ते माझ्या भल्यासाठी केलंत, हे कळतं मला. माझ्यासाठी तुमच्याएवढी पायपीट पुढे कोणीच केली नाही, हेही कळतं. तरी राग जात नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणून एक सांगून टाकतो. काल दुपारी तिचा फॉर्म भरायला बसलो तेव्हा राज्याच्या रकान्यात मी महाराष्ट्र निवडलं होतं. आत्याच्या गावाचं नावही लिहून झालं होतं. पोरगी खुर्चीमागे उभी राहून वाचत होती.

"पप्पा, आपन तिथं कुठं राह्यतो?"

"तिकडं जागा जास्त हायेत."

ती म्हणाली, "मंग मले इकडून जमलं असतं का, हे कसं समजंन?"

मी खुर्चीवरून उठलो. इचोडा तिनंच टाइप केलं.