भूल सुईची की गॅसची

मंगळवार, ४ जून
सकाळी नऊ वीसला तिचा मेसेज आला आणि सगळं फिरलं. वर्गात माझ्या पुढच्या बाकावर बसायची, तीच. कॉलेज सोडल्यापासून आठ महिन्यांत पहिला! ‘तुझ्या आईचं कळलं. हे वाच.’ खाली लेख — ऑपरेशनला गॅसची भूल दिली तर कॅन्सर पसरतो म्हणे, शिरेतून सुईनं दिली तर कमी.
आई स्तनातली गाठ काढायच्या कागदावर सही करतच होती. मी कागद ओढून घेतला. “गॅस देणार असाल तर ऑपरेशन नाही!” वॉर्डभर आवाज गेला. तासाभरात आईचा ऑपरेशनचा नंबरही गेला. आता थेट पुढचा मंगळवार.
आई एवढंच म्हणाली, “गाठ माझी, भूल मला, आणि शुद्ध हरपली ह्याची!”

बुधवार, ५ जून
लेख बावीस वेळा उघडला. खरं तर लेख नाही. तिचा मेसेज.

शुक्रवार, ७ जून
भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंना जिन्यात गाठलं. भांडायच्या तयारीनंच. “लेख पूर्ण वाचलास?” — हो! — “मग शेवटचा परिच्छेद वाचून दाखव.” वाचला, मोठ्यानं: ‘हे प्रयोग मुख्यतः उंदरांवरचे, माणसांत अजून सिद्ध नाही.’ जिन्यातले लोक थांबून ऐकत होते. कान तापले.
बाई म्हणाल्या, “माणसांवरच्याही काही अभ्यासांत फरक दिसतो, काहींत नाही. मला छातीठोक सांगता येणार नाही. गाठ वेळेत निघावी, हे मात्र ठाम सांगते. आणि बाळा, तुझ्या आईला मी शिरेतूनच देणार होते. मागच्या ऑपरेशनला गॅसनं त्यांना उलट्या झाल्या होत्या. विचारायचंस तरी!”
‘माहीत नाही’ म्हणणाऱ्या माणसावर पहिल्यांदाच विश्वास बसला. पण आईचा एक आठवडा मी खाल्ला. तेवढ्यात पसरला तर?

मंगळवार, ११ जून
झालं! डोळे उघडल्या उघडल्या आई — “हा आज कुणावर ओरडला नाही ना?”

गुरुवार, २० जून
रिपोर्ट आला. काखेतल्या ग्रंथी स्वच्छ. पसरलेला नाही! बाबा बाकावर बसून बुटाची नाडी बांधत राहिले — ती सुटलीच नव्हती. मी भोकाड पसरलं. मग तिला कळवलं, लेखापायी झालेल्या गोंधळासकट.

शुक्रवार, २१ जून
तिचं उत्तर — ‘बरं झालं! कुठला लेख रे? अच्छा, तो! मी वाचलाही नव्हता, आलेला तसाच पुढे पाठवला.’
भडकेन वाटलं होतं. हसूच आलं.
आई चपला घालून दारात उभी आहे, टाके काढायचेत. फोन परत वाजतोय, तिचाच. वाजू दे, ह्या वहीवरच ठेवतो. निघालो — दार ओढून घेऊन.