धुवांधारला जाण्याची माझी पद्धत

१ नोव्हेंबर १९६४, रविवार
ठरलं. दिवाळी झाली की जबलपूर. मोताळ्याच्या हायस्कुलात भूगोल शिकवतो मी, आणि पुस्तकातलं नर्मदेवरच्या धुवांधार धबधब्याचं चित्र अकरा वर्षं उघडून बघते ती माझी बायको कोकिळा. म्हटलं, दाखवूनच टाकू. प्रवास कसा करावा हे या गावात एकालाही कळत नाही. माझे नियम: सामान कमी, हॉटेल बंद, हमाल बंद, चिडचिड बंद.

५ नोव्हेंबर
चिडलो. डोणगावहून सासूबाई सत्यभामाबाई आल्या, आमच्याबरोबर यायला. त्यांनी म्हणे नर्मदा पाहिलेली नाही. मी तरी कुठे पाहिलीय? म्हणून मी कुणाच्या दारात जाऊन बसलो का?

८ नोव्हेंबर
पॅकिंग. ट्रंकेत फक्त जरुरीचं: स्टोव्ह, रॉकेलची बाटली, मच्छरदाणी, दोन पातेली, चाळीस दशम्या, ॲटलास, वरवंटा. कोकिळा म्हणाली, "वरवंटा काऊन घेता? पाटा कुठी हाये?" पाटा जड असतो. एवढं साधं लॉजिक कळत नाही. मायलेकींची फक्त एकेक पिशवी. बेफिकीर!
चोर पुरुषाचाच खिसा कापतो. म्हणून सगळे पैसे आणि तिकिटं कोकिळेच्या चंचीत राहतील. माझ्याकडे चिल्लर.

९ नोव्हेंबर, सकाळी ९, मलकापूर स्टेशन
एस्.टी.त कंडक्टरने ट्रंकेचं वेगळं तिकीट फाडलं. वर विचारतो, "मास्तर, बिऱ्हाड हलवून राह्यले का?" अख्खी गाडी हसली. कोकिळाही. लक्षात ठेवलंय.

त्याच दिवशी, दुपारी ३, भुसावळ
गाडी गेली. मी इथे.
दोष हमालाचा. आठ आणे मागितले. मी म्हटलं, मीच उचलतो. मायलेकींना पुढे पाठवलं, डब्यात बसा म्हटलं. पुलाच्या पायऱ्यांवर ट्रंकेची कडी निखळली. वरवंटा घरंगळत एका गृहस्थाच्या पायावर. तो ओरडला. पाय मधे घातलाच का, यावर मी त्याला मुद्देसूद समजावत होतो, तेवढ्यात खाली शिट्टी. कोकिळा डब्याच्या दारातून ओरडली, "राहू द्या ते! या ना लवकर!"
राहू द्या? स्टोव्ह नवा आहे!
गाडी हलली. सासूबाईंनी तिला आत ओढलं.
पुढच्या स्टेशनावर उतरून परत येईल. माझ्याशिवाय ती मलकापूरच्या बाजारालाही जात नाही. दशम्या खातो तोवर.

त्याच दिवशी, साडेपाच
दोन गाड्या आल्या. त्यात नाही. दशम्यांना रॉकेलचा वास. चिल्लर मलकापूरपर्यंत पुरेल.

१० नोव्हेंबर, मोताळा
किल्ली कोकिळेकडे. स्वतःच्याच घराचं कुलूप फोडलं. शेजारचे गुलाबराव दगड घेऊन मदतीला आले आणि विचारू लागले, "वहिनी कुठी हाय, मास्तर?" पुढे गेल्या म्हटलं. "अन् तुम्ही मांगं काऊन?" नसत्या चौकशा!

१२ नोव्हेंबर
पत्ता नाही की तार नाही. इटारसीला गाडी बदलावी लागते, चुकल्या तर? ॲटलासात इटारसी चार वेळा पाहिलं. काळजी नाही, राग आहे. जेवण गेलं नाही तेही रागानेच.

१३ नोव्हेंबर
पोस्टकार्ड आलं. "सुखरूप पोचलो. धर्मशाळा चांगली हाये. इटारसीले एका बाईनं गाडी दाखवली. आईले नावेत बसवलं, ते लय हासली. दोन दिवस जास्त राहू. तुम्ही घरीच गेले असान. जेवत जा."
दोन दिवस जास्त! कोणाला विचारून?
पोस्टमनवर ओरडलो. नंतर त्याला चहा दिला.

१६ नोव्हेंबर
आल्या. बोलणार नव्हतो. कडक भाषण तयार होतं, सात मुद्दे. पण ओसरीवर बायांचा घोळका. कोकिळा उन्हाने रापलेली, हात हलवून हलवून सांगत होती, पांढरे खडक असे, नाव अशी. ही इतकं बोलते हे मला ठाऊक नव्हतं. गर्दी पांगल्यावर मुद्दा पहिला काढणार, तर तोंडातून भलतंच निघालं. विचारलं, पाणी खरंच धुरासारखं दिसतं?
"दिसते नं," ती म्हणाली. "अन् आवाज असा, का बाजूच्या माणसाचं बोलणं आयकू येत नाही. तासभर बसली मी तिथी. लय बरं वाटलं."
पिशवी उचलून आत गेली. गुणगुणत होती.
भयंकर राग आला. तो कोणावर, हे लिहायला बसलोय पाऊण तास.