पदर धरला की मान सरळ

रेणापूर,
बुद्धपौर्णिमेच्या अलीकडचा मंगळवार

प्रिय विशाखा,

सप्रेम जयभीम. मी धुरपता, तुझ्या बापाची आई. ओळख पटत नसेल तर खूण सांगते. माझ्या हनुवटीवर हिरवं गोंदण आहे आणि लहानपणी तू ते नखानं खरवडून काढायला बघायचीस. गेल्या पंधरवड्यात तुझा फोन एकदा आला, तोही चुकून लागला म्हणालीस. हैदराबादेत बसून तिकडच्या दवाखान्यांचे कागद वाचायचे, दुखण्यांना कोड टाकायचे, अख्ख्या अमेरिकेची दुखणी ध्यानात ठेवायची, त्यात आजी कुठं मावणार. हे पत्र शेजारच्या चंद्रप्रभाबाई लिहायल्यात. जन्मभर मास्तरीण होत्या, त्यामुळं माझं बोलणं त्या नीट करून घेतात आणि शिव्या तर त्यांना ऐकूच येत नाहीत. वाचताना तू त्या जागच्या जागी घालून घे.

इथली बातमी म्हणजे पाणी. लातूरला रेल्वेनं पाणी आलं, लोक फोटो काढायला गेले. आमच्याकडं टँकर येतो, कधी येतो ते ड्रायव्हरलाही माहीत नसतं. बोअर दाबली की नुसती हवा येते. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा तुझ्या आजोबांनी पेढे वाटले होते, आता उस्मानाबादची खेप वाचली, सगळं हाकेवर आलं म्हणून. आता उदगीरचा नवा जिल्हा होणार म्हणून पारावर पुन्हा तेच चाललंय. होऊ दे. पाटी रंगवायला पाणी लागत नाही.

दिवाळीला आलीस तेव्हाचं आठवतं का? तुझी माय, पंचशीला, चुलीपुढं बसली होती, एका हातानं पदर गालाशी धरून दुसऱ्या हातानं भाकरी थापत होती. तू म्हणालीस, आई, सासूसमोर अजून पदर धरतेस, कोणत्या जमान्यात आहेस? आणि भाकरी वाकडी झाली म्हणून नावं ठेवलीस. मीही हसले. हसणं भाग होतं. पदर सोडला असता तर पंचशीलाची मान उजव्या खांद्याकडं वळली असती, कुणी कान धरून पिळल्यासारखी. ते तुला दिसू द्यायचं नव्हतं.

तुझा बाप गेला त्याच्या दुसऱ्या वर्षी हे सुरू झालं. आधी वाटलं, मान लचकली. मग दवाखाने सुरू झाले. ज्या डॉक्टरपुढं उभी केली, त्याच्यापुढं तिनं आधी पदर घेतला. साहेबासमोर उघड्या डोक्यानं कशी जाईल? आणि पदराचं टोक हनुवटीशी धरलं, बोट गालाला लागलं, की ती मान शहाण्या पोरीसारखी सरळ. डॉक्टर म्हणाले, मला तर काही दिसत नाही. मी म्हणाले, पंचशीला, पदर सोड. ती शरमली. शेवटी मीच ओढला, तशी मान गर्रकन फिरली. तिनं घाबरून पुन्हा धरला, मान सरळ. मला वाटलं, आता कळलं ह्यांना. तर ते म्हणाले, म्हणजे मनात आणलं की सरळ होते तर. आणि कागदावर मनाचा आजार लिहून दिला. त्यानंतर जो डॉक्टर भेटला त्यानं आधी तो कागद वाचला, मग माय बघितली. नांदेडच्यानं कागदावरच भागवलं. आईला वेड आहे हे गावभर झालं तर तुझ्या सोयरिकीचं काय, म्हणून आम्ही दोघींनी तोंड शिवून घेतलं.

मग संक्रांतीला तुझा फोन आला. तुझ्या कामाचं सांगत होतीस. अमेरिकेतल्या एका बाईचे कागद आलेत, तिची मान आपोआप पिळते, मेंदूतून येतं ते, डिस्टोनिया म्हणतात. गालाला बोट लावलं की मान सरळ होते, ही तर त्या दुखण्याची खूणच असते. मानेत इंजेक्शन दिलं की सैल पडते. फोनचा आवाज मोठा केला होता. माय ऐकत होती. तिच्या हातातला पदर सुटला, तिला कळलंही नाही. मी विचारलं, आणि कुणी त्याला मनाचा आजार लिहिला असेल तर? तू म्हणालीस, मग आम्ही मनाच्या आजाराचाच कोड टाकणार आजी, डॉक्टरनं लिहिलं नाही ते आमच्यासाठी झालंच नाही. लई ऐटीत म्हणालीस. मला तुझं कौतुकही वाटलं.

मायला घेऊन निघाले, तो डिस्टोनिया शब्द एसटीत वाटभर घोकत गेले. दवाखान्यात आता नवा डॉक्टर होता. शब्द ऐकून त्यानं विचारलं, मावशी, टीव्हीवर ऐकलं का? मग म्हणाला, सरकारी योजनेतून इंजेक्शन पाहिजे तर आधी कागदावरचा हा आजार बदलून आणा. कोण बदलणार? ज्यानं लिहिला तो. आणि त्याची तर बदली झालेली. परत येताना पंचशीला खिडकीकडं तोंड करून बसली. तिकडं तर मान आपोआपच वळते.

तू फोन केलास की विचारतेस, आई का बोलत नाही? मी सांगते, टँकरवर गेली. बाई, एवढे टँकर अख्ख्या तालुक्यात येत नाहीत, तुझ्या ध्यानात कसं आलं नाही? ती इथंच असते, माझ्या शेजारी. दुखणं आता जबड्यात उतरलंय. तोंड आपोआप वासतं, जीभ वळते, शब्द होत नाही. पदर धरूनही आता भागत नाही. भाकरी तर सुटलीच, आमटीत कुस्करलेली पण बाहेर येते. पोलकं खांद्यावरून उतरतंय. तुला कळवायचं नाही म्हणून तिनं माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला. फोनवर सांगितलं असतं तर तिनं ऐकलं असतं, म्हणून चंद्रप्रभाबाईंच्या ओसरीवर बसून हे लिहवून घेतलं. कागदाचं मी तुझ्याकडं काही मागत नाही. तू लिहिलेल्याला कोड देणारी, लिहिणारी नाहीस, एवढं मला समजलं. आणि लिहिणारा इथं आता कुणी नव्यानं बघेल, असं मला वाटत नाही. तू ये असंही म्हणत नाही. आलीस तर ती पदर तोंडात कोंबून बसेल. फक्त दिवाळीला आणली होतीस ती बिस्किटं पाठव, चहात टाकली की विरघळणारी. काजूची नकोत, कण घशात अडकतो. आणि डब्यावर तिचं नाव घालू नकोस, माझं घाल. म्हातारीला खायची हौस आली, म्हणून तिला सांगेन.

तुझीच,
धुरपता आजी