भातावर आडवा हात

हुडकेश्वर, नागपूर
८ फेब्रुवारी २०२५

प्रिय वच्छलावहिनी,

नमस्कार. इकडे सगळे मजेत. मुकुंदांनी गच्चीवर वांगी लावलीत, माझ्यापेक्षा जास्त त्यांच्याशीच बोलतात. काटोलला संत्र्याचा तोडा संपला का? दादाच्या पायावरची सूज कशी आहे?

फोनवर तुम्ही 'हं' आणि 'ठीक' एवढंच बोलता. का ते मला ठाऊक आहे. दिवाळीत तुम्ही वडाभात केला, फोडणीचं कडकडीत तेल घेऊन माझ्या ताटाशी आलात आणि मी भातावर आडवा हात धरला.

"काहून वं बाई, आमच्या घरचं तेल चालत नाही का आता तुले?"

दादा हसला, "शहराची झाली बाई! तिच्या वाट्याचं मले वाढ."

तुम्ही त्यालाही वाढलं नाही. पळी तशीच आत नेलीत.

तेल चालत नव्हतंच, वहिनी. पण दादासमोर कसं सांगू?

त्याला लिव्हर द्यायला तुमचा रक्तगट जुळला नाही, तेव्हाच तो म्हणाला होता, "बहिणीच्या पोटाले चाकू लावून मले नाही जगायचं." म्हणून मी गुपचूप तपासून घेतलं. रक्तगट जुळला, लिव्हर नापास! त्यावर चरबी.

"मी तर दारूचा थेंबही घेत नाही," मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं.

"दारू कशाला पाहिजे? तळण, वनस्पती तूप, गोडधोड आणि बसून काम. जे खर्च होत नाही, ते लिव्हर चरबी करून साठवतं. असं लिव्हर देता येत नाही. पण चरबी उतरते, मनावर घ्या."

तेल मोजकं, जवसाची चटणी चालेल, भजी विसरा, रोज चाला. सगळं केलं. समोसे तळताना दिसले की मुकुंद मला हाताला धरून रस्त्यापलीकडे नेत, आणि स्वतः मागे वळून बघत.

तुम्हाला आधी सांगितलं असतं आणि जमलंच नसतं तर? आशा लावून ती परत काढून घेणं मला झेपलं नसतं.

काल रिपोर्ट आला. चरबी उतरली, वहिनी! माझं लिव्हर चालतंय. दवाखान्याच्या जिन्यात मी इतकी हसले की वॉचमनने घाबरून पाणी आणलं.

आता दादाला तयार करणं तुमच्याकडे. तो माझं ऐकत नाही, तुम्हाला भितो. रागवा, रडा, अबोला धरा. मुकुंदांचा होकार आहे, आणि माझं उरलेलं लिव्हर पुन्हा वाढतं, हेही सांगा. तरी नाहीच म्हणाला, तर विचारा, माझ्या पाठवणीत "कधीही ये, घर तुझंच आहे" असं रडत रडत कोण म्हणालं होतं?

थोडी का होईना, कायमची माहेरी राहायला निघालेली,
तुमची नणंद
प्रेमिला