वॉर्निशचे दोन हात

३ फेब्रुवारी

पुन्हा हात हलवत परत! ताईचा हा सातवा अर्ज. पालिकेतले साहेब म्हणाले, "दवाखान्यासमोर अपघाताची नोंदच नाही. नोंद नसताना रस्ता ओलांडायचे पट्टे कसे मंजूर करू?" ताई उसळली— "म्हणजे कुणी मरायची वाट बघायची?" मी तिची पिशवी धरून मागे उभा. अठ्ठावन्न वर्षांचा झालो, तरी तिच्या मागेच उभा राहतो. आई गेल्यापासून तीच आई.

४ फेब्रुवारी

ताईचं ठरलं. पट्टे आपणच मारायचे. "घरात पेंटर असताना साहेबांच्या नाकदुऱ्या कशाला काढायच्या?"

११ फेब्रुवारी, रविवार

मारले! उजाडताच गेलो. वाहनं तुरळक. आमच्या रहिवासी समितीचा अध्यक्ष, कोपऱ्यावरचा औषधवाला, त्याने दुकानातली बाकडी आडवी टाकली. अर्धा रस्ता आधी, अर्धा नंतर. दोरी धरून आठ पट्टे, पांढरा ऑइलपेंट. चाळीस वर्षं पाट्या रंगवतोय, पण एवढी मोठी पाटी कुणी दिली नव्हती!

दुपारी सुकल्यावर वॉर्निशचे दोन हात मारले. औषधवाला हसला— "रस्त्याला कसलं वॉर्निश?" मी म्हटलं, माझ्या हातचं काम मळकट दिसता कामा नये. काय चमकत होते! सायकल हातात धरून ताई पहिली पलीकडे गेली. एक रिक्षा चक्क थांबली. ताईने रिक्षावाल्याला शाबासकी दिली, शाळेत द्यायची तशी.

१९ फेब्रुवारी

ताई गेली.

२२ फेब्रुवारी

पाण्याचा टँकर गळत गेला होता, रस्ता ओला होता. ताई सायकल हातात धरून पट्ट्यांवरूनच चालली होती. टेम्पोखाली आली.

टेम्पोवाला कोठडीत आहे. म्हणतो, "बाई आधीच घसरल्या होत्या. पट्टे बघून मी ब्रेक मारला, पण गाडी थांबलीच नाही." कुणाचाच विश्वास नाही. मी ठाण्यात त्याला नाही नाही ते बोललो. त्याची बायको बाकावर बसली होती. ऐकत होती.

पट्टे कोणी मारले, हे पोलिसांनी विचारलं. सगळे गप्प. मीही.

२६ फेब्रुवारी

साहेब स्वतः घरी आले. पट्टे मंजूर, सिग्नलसुद्धा. "आता नोंद आहे ना," म्हणाले आणि जीभ चावली. मी त्यांना बसा म्हटलं नाही. ताईची सायकल दारातच आहे, वाकड्या चाकाची. तिला वळसा घालून गेले.

१ मार्च

टेम्पोवाल्याचं बोलणं डोक्यातून जाईना. सकाळी तांब्या घेऊन गेलो. पट्ट्यावर पाणी ओतलं, पाय ठेवला. सर्रकन गेला! शेजारच्या डांबरावर ओतलं— पाय घट्ट. पुन्हा पट्ट्यावर. आपटलोच.

वॉर्निश. माझं वॉर्निश!

उठवेना. कुणी बाई हात देत म्हणाली, "काका, लागलं का?"

२ मार्च

औषधवाल्याला सांगितलं. त्याने आधी दुकानाचं दार लोटलं. "तोंडातून अक्षर काढू नका! पट्टे आपले होते हे कळलं की फाइल पुन्हा बासनात. ताईंनी जिवाचं रान केलं ते मातीत घालणार?" शिवाय चौकात लावायच्या फलकाचं काम मलाच दिलं. मजकूर त्याचा— 'बेदरकार टेम्पोचालकाचा बळी'. म्हणे, तुमच्यासारखं अक्षर कुणाचं नाही.

त्याचं खोटं नाही. फाइल थांबली तर उद्या तिथे आणखी कुणी मरेल. मग मी काय करू?

३ मार्च

पत्रा घासून ठेवला.

४ मार्च

'बे' पर्यंत लिहिलं. मला अक्षरं ताईनेच शिकवली, पाटीवर, माझा हात धरून. चुकलं की रागवायची नाही. "पूस आणि पुन्हा लिही." एवढंच.

खूप रडलो. मग पुसलं.

५ मार्च

फलक झाला. 'इथे माझी ताई घसरली. पट्टे मी रंगवले होते. टेम्पोवाल्याने ब्रेक मारला होता.' चौकात बांधून तसाच ठाण्यावर जातो.

वॉर्निश मारलेलं नाही.