पत्ता मीच दिला

३ मार्च

चि. बारकीस,
अ. उ. आ.
हातावरचं नवऱ्याचं नाव तू लेझरने काढून घेतेयस, हे मला आतेबहिणीकडून कळावं? सख्ख्या बहिणीला सांगायला तोंड नव्हतं? तो परवा इथे आला होता. अर्धा तास नुसता रडला. तुम्ही वेगळे होऊन दोन वर्षं झाली, माणूस बदलतो गं. तुझ्या कारखान्याचा पत्ता मागितला, मी दिला. एकदा त्याचं ऐकून तरी घे. तोवर पुढचं सिटिंग थांबव. हे म्हणतात, मेहुणीचा हट्ट खेचरालाही लाजवेल. तब्येतीला जप, माझ्यावर डोळे वटारू नकोस.
तुझी ताई

११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. सवयीने लिहिलं, आज मान झुकत नाही.
तुझा बदललेला माणूस मंगळवारी आला. मी वह्या शिवत होते. तिसरं सिटिंग होऊन दोनच दिवस झालेले. त्याने हातावरची पट्टी ओरबाडली, अंगठ्याने फोड दाबून फोडले आणि सगळ्यांदेखत विचारलं, माझं नाव पुसतेस? फोरमनबाईंनी लोखंडी पट्टी उगारून त्याला हाकललं.
ते नाव मी हौसेने गोंदवलं नव्हतं. शेजारच्या मशीनवरच्या माणसाशी हसून बोलले, म्हणून त्याने मला दुकानात नेऊन बसवलं आणि स्वतः दार अडवून उभा राहिला. तुला तेव्हाच सांगितलं होतं. तू म्हणालीस, जीव लावतो म्हणून करतो.
लेझरचा एकेक फटका म्हणजे तापल्या तेलाचा शिंतोडा. पण ते दुखणं मी स्वतः मागून घेतलंय. आता जखम चिघळलीय. डॉक्टरीणबाई म्हणतात, पुढचं सिटिंग महिनाभर लांबणार. तुला त्याची दया आली, म्हणून त्याचं नाव मी आणखी महिनाभर वागवायचं!
उत्तर पाठवू नकोस. लोभ सध्या तुझ्याकडेच राहू दे.
बारकी

१९ मार्च

चि. बारकीस,
आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. नको म्हणालीस तरी लिहितेय.
शनिवारी तो पुन्हा आला, या वेळी तुझ्या घराचा पत्ता मागायला. तिचा हात का दाबलास, विचारलं, तर हसला. म्हणाला, माझीच वस्तू आहे. मी त्याच्या तोंडावर दार आपटलं आणि ह्यांना घेऊन चौकी गाठली. हवालदार म्हणाले, घरातलं घरात मिटवा. मी अशी कडाडले की हेसुद्धा दोन पावलं मागे सरले. तक्रार नोंदवूनच उठले. पत्ता मीच दिला, हेही त्यात लिहून खाली सही केली. प्रत सोबत आहे.
तू सांगत होतीस तेव्हा मी तुला एकटं टाकलं. पुढच्या वेळी सोबत येऊ का?
तुझी ताई

२५ मार्च

ती. ताईस,
सा. न.
प्रत फोरमनबाईंना दिली. त्यांनी ती रखवालदाराला दोनदा वाचून दाखवली. जखम भरतेय.
चौथं सिटिंग वीस मे, सकाळी दहा. ये. आत काळा चष्मा लावावा लागतो, केस जळल्यासारखा वास येतो. तोंड फिरवायचं नाही. आणि वाटेत माझी समजूत घालायची नाही. माझा राग अजून तसाच आहे. तो घेऊनच मी येणार आहे.
तुझी बारकी